सकिनाने घातलेला गडगा

त्या शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी आम्ही दोघं किचनमध्ये बसून कोळंबी सोलत होतो. सकिनाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे गेलेले, खाली बसवत नव्हतं. म्हणून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर टाकलेल्या आणि मधे स्टुलावर परात. मी डोकी मोडायची, तिने धागा काढायचा. शारजात अल मजाजमधला हा फ्लॅट आमच्या मुलाचा, नासीरचा. तो खाली गाडी धुवायला गेला होता, सून मुलांच्या आंघोळीत. कट्ट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केलेला आणि त्यात आमची मुलगी शबाना, आयर्लंडहून. ती तिकडे हॉस्पिटलात नर्स आहे. शबानाने फोन खिडकीकडे फिरवला, बाहेर पाऊस बारीक पडत होता. झालं... सकिनाचे हात थांबले. "अगे, आज त्या डोंगरावर पण पडत असेल काय गे? शेमसच्या मेंढ्या भिजल्या असतील."

मी म्हटलं, "मेंढ्या शेमसच्या नाहीत. तो गाइड होता. मेंढ्या दुसऱ्याच्या."

"तुम्ही कुठे होता बघायला?" ती म्हणाली.

"खलास," मी म्हटलं. "त्या माणसाचं नाव या घरात आता पुरे झालं."

ती हसली. ओढणीचं टोक दातात धरून हसायची, तशी. "शबाना, बघ गे तुझा बाप. ह्या वयात जळतो." मग कोळंबीचं कालवण झालं, आम्ही जेवलो. मीठ कमी आहे, असं मी म्हणालो. ती आडवी झाली. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाला उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक येतात, म्हणतात फार चांगली बाई होती. होतीच, त्यात सांगायचं काय? मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे वेल्डिंगच केलं, मला सजवून लिहिता येत नाही. जे आहे ते लिहितो. सकिना मला बरोबर म्हणायची की जळतो. मी जळत होतो आणि अजून जळतो. कोणा माणसावर नाही... म्हणजे आधी माणसावरच, त्या शेमसवर. नंतर कळलं की तिच्या एका दिवसावर. आमचा सगळा संसार एका बाजूला आणि आयर्लंडातला तो एक दिवस एका बाजूला, आणि बोलायला बसली की ती तो दिवसच सांगायची.

आमचं गाव रत्नागिरीकडे, खाडीकाठी. मी शारजाला आलो तेव्हा नासीर पोटात होता. हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात मी म्हातारा झालो. तिला मागाहून आणलं. एका खोलीत पडदा लावून दुसऱ्या कुटुंबाबरोबर राहिलो, मुलं इथंच शिकली. ती कधी कुठे एकटी गेली नाही. भाजी आणायलाही मी, दर्ग्याला जायचं तरी मी, गावी जायचं तरी मी बरोबर. मग शबानाला तिकडे बाळ झालं. तिने आम्हा दोघांना बोलावलं. दोघांचे कागद एकदम टाकले, दोघांनी एकाच दिवशी बोटांचे ठसे दिले, आणि तिचा व्हिसा आला, माझा नाही आला. नकाराचं कारण इंग्रजीत लिहिलेलं होतं. नासीरने दोनदा समजावलं, मला एवढंच समजलं की बाईने यावं, बुवाने राहावं. विमानतळावर ती रडली. मला वाटलं, चला, रडते तरी आहे. आत गेल्यावर काचेतून बघितलं तर एका फिलिपिनी बाईला आपली सीट कुठे ते विचारत होती, आणि हसत होती.

तिकडे शबानाने सुट्टीच्या दिवशी तिला बसच्या सहलीला नेलं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. समुद्राकडचा ओसाड मुलूख, नुसता दगड आणि पाणी. उघडे डोंगर, झाड म्हणून नाही, खाली काळी चिखलाची जमीन, ती कापून सुकवून लोक चुलीत घालतात. तळ्याकाठी जुना मठ. छोटी पांढरी घोडी. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत. तो शेमस गाइड माइकवर सांगत होता की ह्या पट्ट्यात लोक अजून घरात आपली जुनी भाषा बोलतात, बाकी देशात पोरं ती शाळेत शिकतात आणि घरी इंग्रजी बोलतात. शबानाने ते आपल्या भाषेत सांगितल्यावर सकिना बसमध्ये मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडे पण तेच. नातवाला पाणी दे म्हटलं की तो 'वन मिनिट, दादी' म्हणतो." शबानाने ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळी बस हसली. दुपारी एका पबमध्ये तो पत्र्याची बासरी वाजवत होता.

परत आल्यावर हे ऐकून मी म्हटलं, "म्हणजे तू दारूच्या दुकानात बसलीस?"

"चहा प्याले."

"दारूच्या दुकानात चहा?"

"दिला त्यांनी. सोबत जाड बिस्कीट, त्यावर साय. तुमच्यासाठी एक रुमालात बांधलेलं, बसमध्ये चुरा झाला."

आणि त्या शेमसकडून एक शब्द घेऊन आली. मी घराबाहेर पडताना ती आयुष्यभर 'खुदा हाफिज' म्हणायची. आता त्याच्यामागे 'स्लान' म्हणायला लागली. त्यांच्या भाषेत सुखरूप जा असं. मी एकदा दारातून परत फिरलो आणि म्हटलं, "एका अल्लाचं नाव घेतलंस ते पुरत नाही काय, की वर त्याची पण सही हवी?" तर म्हणते, "यल्ला, निघा, पार्किंगचा टाइम संपेल."

सगळ्यात जास्त सांगायची ती गडग्याची गोष्ट. आपल्या कोकणात गडगा असतो तो वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत असेल. दगडावर दगड रचून घातलेली बांधाची भिंत, ना माती ना सिमेंट. दगड सुटले, खिंडार पडलं की लगेच बुजवायचं, नाहीतर गुरं आत शिरून बागेची वाट लावतात. सकिनाच्या माहेरी तर रस्त्याने जाता जाता सुद्धा कोणाच्या गडग्याला खिंडार दिसलं तरी दोन दगड लावल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. तिकडे त्या मुलखात मैलोन्‌मैल असेच गडगे. ती म्हणायची, मला वाटलं माहेरी आले. बस एका ठिकाणी थांबली, शेतकरी आणि त्याचा कुत्रा मेंढ्या कशा वळवतात ते दाखवणार होते. बाकीचे तळ्याचे फोटो काढत होते. सकिनाला गडग्यात खिंडार दिसलं, खाली दगड पडलेले. हिने लावायला सुरुवात केली. आणि ते खिंडार पडलेलं नव्हतंच! त्या लोकांनी मेंढ्या आत घ्यायला ते मुद्दाम काढून ठेवलेलं. तिकडे तशीच रीत आहे, वाट पाडायची, जनावर गेलं की परत रचायचं. कुत्र्याने मेंढ्या आणल्या आणि समोर भिंत.

ही गोष्ट तिने बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला सांगितली. लिफ्टमध्ये सांगितली. मी बाजूला पिशव्या धरून उभा. बायका हसून माझ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "चाचा, तुम्ही होता तेव्हा?" मी पिशव्या या हातातून त्या हातात घ्यायचो.

मग मीही एक काम केलं. नासीरला म्हटलं, गाडी काढ, तुझ्या अम्मीला अल ऐनला नेऊ. तिथला डोंगर काय कमी आहे? गाइड मी. पुढच्या सीटवर बसून मी मागे वळून सांगत होतो, हा बघ डोंगर, हे बघ उंट, इथे पूर्वी काही नव्हतं. ती "हां, हां" करत होती. वर जाऊन उतरलो. उन्हात डोंगर लाल, उघडा, दगडच दगड. मी म्हटलं, "बोल. तिकडच्यासारखाच की नाही?"

"छान आहे," ती म्हणाली.

"नुसतं छान?"

"वारा नाही." मग माझं तोंड बघून म्हणाली, "गाइड चांगला आहे. जरा ओरडतो."

उतरताना खजुरीच्या बागेत नेलं. तिथे कुंपणाच्या भिंतीवर तिने हात फिरवला. "मातीची आहे," म्हणाली. परतीच्या रस्त्यात ती गाडीत झोपून गेली. नासीर आरशातून माझ्याकडे बघून हसत होता, मी त्याला म्हटलं, समोर बघून चालव.

ती गेल्यावर शबाना आली. मिळेल त्या विमानाने आली, पण माती देऊन झाली होती. काही दिवस राहिली. परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्याजवळ सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "अब्बा, मेंढ्यांचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. मोठा आहे म्हणून पाठवला नव्हता. बघायचा?"

मला बघायचा नव्हता. मी म्हटलं, लाव.

सकिनाने शबानाचं लाल जॅकेट सलवार कमीजवर चढवलेलं. वारा एवढा की ओढणी हनुवटीखाली गाठ मारून बांधलेली. दोन्ही हात गडग्यात. पलीकडे मेंढ्यांची गर्दी, पाठीवर निळे-लाल रंगाचे पट्टे, सगळ्या ओरडतायत. कुत्रा खाली बसून मालकाकडे बघतोय. आणि टोपी सांभाळत एक माणूस धावत येतो. मी म्हटलं, हा कोण? "हाच शेमस," शबाना म्हणाली. मी इतकी वर्षं... म्हणजे ती आल्यापासून, त्याला तरणा, उंच असा धरून बसलो होतो. हा माझ्याहून म्हातारा. वाकलेला, कानात मशीन. तो त्याच्या जुन्या भाषेत काहीतरी ओरडतो आणि ही आपल्या भाषेत त्याला, "अरे बाबा, थांब, मेंढ्या निसटतील ना!" दोघं भांडतायत, दोघांना एकमेकांचं कळत नाही. मग शेतकऱ्याने हाताने दाखवलं, तेव्हा हिला समजलं. ती तिथेच दगडावर बसली आणि हसायला लागली. ओढणी दातात धरायचं विसरून, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं हसताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं.

दगड काढले, मेंढ्या गेल्या. मग त्यांनी तिला खुणेने सांगितलं, आता लाव. शेमस दगड उचलून हातात देत होता आणि ती फिरवून फिरवून बसवत होती. व्हिडिओत शबानाचा आवाज येतो, "अम्मी, आज अब्बा असते तर?"

सकिनाने जॅकेटला हात पुसले. "असते तर म्हणाले असते, बस कर, गाडी सुटेल," ती म्हणाली. "बरं झालं नाही आले." आणि कॅमेऱ्याकडे न बघता बसकडे चालायला लागली.

शबानाने फोन पटकन उलटा केला. "अब्बा, शी वॉज जोकिंग..."

"परत लाव," मी म्हटलं.

तिने लावला. मी पुन्हा लावायला सांगितला. मी शोधत होतो की हे बोलल्यावर तरी तिचा चेहरा कुठे जरा पडतो का. नाही पडत. खोटं कशाला लिहू, नाही पडत. गाडी सुटेल असं मी खरंच म्हणालो असतो. शेमसवरचा राग तिथे संपला, म्हाताऱ्याने काय केलं होतं? पण जळणं गेलं नाही, उलट वाढलं. दोष शेमसचा असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. दिवसाला काय करणार? तो दिवस तिचा एकटीचा, तो ती बरोबर घेऊन गेली, आणि माझ्या वाट्याला त्यातला चुराही नाही. "चहा टाक," मी शबानाला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नासीर शबानाला विमानतळावर सोडायला गेला. मी खालिद लगूनवर फिरायला गेलो, पाण्याकाठच्या बाकावर बसलो. तिथल्या गवताला पाणी घालणारा एक माणूस आहे, चाळिशीच्या पुढचा, गुहागरकडचा. मराठी ऐकून ओळख झालेली, पण नवीनच. माझ्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं. पाइप खाली टाकून तो बाजूला टेकला. "चाचा, एकटेच? चाची नाय येत फिरायला?"

मी सांगितलं, ती गेली. तो जरा जवळ सरकला. मग म्हणाला, "कुठे फिरवलंत की नाय त्यांना? इथे लोक नुसते काम करून मरतात."

"फिरवलं ना," मी म्हटलं. "आयर्लंडला गेलो होतो आम्ही."

एकदा तोंडातून गेलं आणि मी थांबलो नाही. बस सांगितली, काळी जमीन सांगितली, पांढरी घोडी सांगितली. वारा असा होता की उभं राहवत नव्हतं म्हटलं. पबमध्ये चहा प्यालो म्हटलं, गाइड आमचा दोस्त झाला म्हटलं. मग खिंडार आलं. तिने दगड लावले, पलीकडे मेंढ्या अडकल्या, कुत्रा बसून राहिला. तो माणूस एवढा हसला की लांबून त्याच्या फोरमनने वळून बघितलं. त्याच्याबरोबर मीही हसलो, ती गेल्यापासून पहिल्यांदा.

डोळे पुसून त्याने पाइप उचलला. कोकणातला माणूस, त्याने बरोबर विचारलं. "पण चाचा, गडगा एकट्या माणसाला नाय जमत. त्यांना हातात दगड द्यायला कोण होतं?"

"मी," मी म्हटलं. "मी देत होतो, ती लावत होती."