दुरोगी

माझा चुलतभाऊ अण्णा मार खाऊन आला की हसत यायचा आणि मार देऊन आला की गप्प. कुस्तीच्या खेळात राहणाऱ्या माणसाला हा स्वभाव परवडणारा नव्हता. तंजावरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत त्याची लहानशी व्यायामशाळा होती. जत्रा-उत्सव आले की तो एका फिरत्या मंडळीच्या रिंगमध्ये उतरायचा. ही मातीतली कुस्ती नव्हे. चार खांब, दोर, झगमगते दिवे, कर्कश गाणी, आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. कोणी खोटी कुस्ती म्हटलं की अण्णा म्हणायचा, "ठरलेलं असतं, खोटं नसतं. पाठ दुखते ती खरीच दुखते की."

त्याचा जोडीदार सेल्वम. तिरुवैयारुचा, शाळेपासूनचा मित्र. दोघे जोडीने लढायचे. एकाने आत मार खायचा, दुसऱ्याने दोराबाहेर हात लांब करून उभं राहायचं. हाताला हात लागला की बाहेरचा आत. सेल्वम सरपटत कोपऱ्याकडे निघाला की अख्खी जत्रा श्वास रोखून धरायची. खेळाआधी सेल्वमची आई दोघांच्याही खांद्यांना स्वतः तेल चोळायची. कोणी विचारलं तर सांगायची, "दोन्ही माझेच. एक मराठी बोलतो, एवढंच."

पुढे गर्दी पातळ झाली. मंडळीच्या मॅनेजरने एक दिवस दोघांना समोर बसवून सांगितलं, "जोडी फोडायची. एकाने दगा द्यायचा. लोकांना तेच बघायचं असतं."

"मी देतो," सेल्वम लगेच म्हणाला.

अण्णाने मान हलवली. सेल्वमची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. "पोरीला वर्गात रोज ऐकावं लागेल, तुझा बाप तसला म्हणून. माझ्यामागे कोण आहे? मला काय बोलायचं ते बोलू देत लोक."

तिरुवैयारुच्या उत्सवात, संध्याकाळच्या खेळात ते घडलं. मी सेल्वमच्या आईशेजारी पुढेच बसले होते. सेल्वम मार खात खात कोपऱ्यापर्यंत आला, त्याने हात पुढे केला. अण्णाने त्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात सावकाश मागे घेतला. आधी लोकांना कळलंच नाही. मग अण्णा घडीची लोखंडी खुर्ची घेऊन आत शिरला आणि ती त्याने सेल्वमच्या पाठीवर घातली. खुर्ची सपाट कशी पडावी, आवाज मोठा होऊन मार कमी कसा बसावा, याची तालीम दोघांनी व्यायामशाळेत कितीदा तरी केली होती. ती मी पाहिली होती. तरी मी डोळे मिटले.

मैदान उसळलं. एका बाईने चप्पल भिरकावली. "दुरोगी! दुरोगी!" तमिळमध्ये द्रोह्याला दुरोगी म्हणतात. मराठी माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

खेळ संपल्यावर मी सेल्वमच्या आईबरोबर कनातीमागे गेले. दोघे मित्र एकाच बाकावर बसून एकमेकांची पाठ पाहत होते. म्हातारीने सेल्वमच्या पाठीवरचा लाल वळ बघितला आणि अण्णाला विचारलं, "खेळच आहे रे. पण हात उचलला कसा?"

त्यानंतर तिने त्याच्या खांद्यांना तेल लावलं नाही.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ फोनाफोनांतून गावोगाव फिरला. चहावाला, भाजीवाली, बसचा कंडक्टर, सगळे अण्णाला दुरोगीच म्हणू लागले. अण्णा आम्हाला सांगायचा, "शिवी नीट बसली म्हणजे काम नीट झालं." पण लग्नाकार्यात तो मागच्या दाराने येऊ लागला आणि पहिल्या पंगतीला बसेनासा झाला.

वैर टिकवायचं तर दोघांनी चारचौघांत एकत्र दिसायचं नाही, असा धंद्याचा दंडक. मग ते आपापल्या मोपेडवरून कालव्याकाठच्या एका नारळीच्या बागेत भेटायचे. मी एकदा अण्णाबरोबर गेले होते. पुढच्या उत्सवाचं त्यांचं सगळं ठरलं होतं. सेल्वमला चौघे घेरणार, अण्णा गर्दीतून धावत येऊन त्याला सोडवणार, आणि मग सगळ्यांसमोर त्याचा हात धरणार.

"त्या दिवशी मी रडणार. खरंच रडणार," अण्णा म्हणाला.

"रड की. पण आधी मला उचल, मग रड," सेल्वम हसत म्हणाला.

उत्सव येण्याआधीच सेल्वमला कावीळ झाली. अंगावर काढली, उशिरा दवाखान्यात नेलं, आणि तो गेला.

आम्ही पोचलो तेव्हा दारात सारा गाव लोटला होता. फाटकाशी तरण्या पोरांनी अण्णाला अडवलं. "तू कशाला आलास? आता कोणाला मारायचंय?"

मी पुढे होऊन बोलणार, तोच अण्णाने माझं मनगट धरलं.

"सांग ना त्यांना, ठरवून केलं होतं म्हणून!" मी मराठीत म्हटलं.

"आज नको. सेल्वमने काय काय सोसलं म्हणून ही माणसं रडताहेत. आज त्यांना सांगू, ते तसं नव्हतं म्हणून?"

तिरडी निघाली. खांदा द्यायला पुष्कळ जण होते. अण्णा कालव्याच्या पलीकडच्या बांधाने, एकटा, तिरडीच्या बरोबरीने चालत कावेरीच्या दिशेने गेला. भाताची खाचरं ओलांडून तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते.

महिन्याभराने मॅनेजर घरी आला. सेल्वमच्या आठवणीचा खेळ ठेवला होता. "तू रिंगमध्ये ये, माफी माग. लोक ढसाढसा रडतील. एका दिवसात त्यांच्या लेखी चांगला होशील," तो म्हणाला.

"परत यायचं तर ज्याच्याकडे यायचं तो माणूस हवा की," अण्णा म्हणाला. त्यानंतर तो रिंगमध्ये कधीच उतरला नाही.

त्या खेळाला मात्र तो गेला, प्रेक्षक म्हणून. आम्ही मागे वाळूत बसलो. कोणीतरी त्याला ओळखलं. कुजबुज झाली आणि आजूबाजूची माणसं सरकत सरकत दूर झाली. माइकवरून सेल्वमचं नाव पुकारलं तेव्हा अण्णा हात जोडून उभा राहिला. आमच्याभोवती सगळी मोकळी वाळू.

पुढच्या रांगेतून सेल्वमची आई उठली. तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आली.

"जेवलास?" तिने विचारलं.

अण्णाने मान हलवली, नाही म्हणून. म्हातारी पदर खांद्यावर ओढून घराच्या वाटेला लागली आणि अण्णा तिच्या मागे. मी दोघांच्या मागून चालत होते.