जरीपटक्यातली सतरंजी

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, ऊन मात्र भर दुपारचं होतं. आम्हा सातारकरांना हे झेपत नाही. मनीषनगरला मावसबहिणीकडे बॅग टाकली, तिनं हौसेनं करायला घेतलेलं सावजी (इथलं जाळ रश्श्याचं जेवण) नको म्हणून तिला नाराज केलं आणि जरीपटक्याची, म्हणजे इथल्या सिंधी वस्तीची, रिक्षा धरली. तिथे मला जमुनादीदींना भेटायचं होतं. वीस वर्षांपूर्वी पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली ही बाई आता स्वतःचं केबल चॅनेल चालवते, एवढंच ऐकलं होतं.

"बातम्यावाली दीदी न?" नाव ऐकताच रिक्षावाला म्हणाला. "माझी माय रोज पाहते तिले. कोण गेलं, बैठक कुठं, सारं तिथंच समजते."

बैठक म्हणजे दुःखात भेटायला येणाऱ्यांसाठी अंथरलेली सतरंजी.

कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ होता. दीदींनी पाणी दिलं, सोबत भाजलेला पापड. मी पापड हातात धरून चहाची वाट पाहत बसले. चहा काही येईना.

"पापड मोडा नं आधी," दीदी म्हणाल्या. "आमच्यात पाहुण्यानं पापड मोडला नाही तं वाईट वाटते."

मी खजील होऊन पापड मोडला. चहा लगेच आला.

दीदींचं शिक्षण सिंधमध्ये झालं, त्यामुळे त्यांना जुनी सिंधी लिपी येते. इथल्या म्हाताऱ्यांनी लिहिलेल्या बैठकीच्या, निरोपाच्या चिठ्ठ्या त्यांच्या नातवंडांना वाचता येत नव्हत्या. दीदी त्या वाचून, मोबाइलवर रेकॉर्ड करून गल्लीत पाठवू लागल्या. तिथून चॅनेल उभं राहिलं. आज सहा बायका कामाला आहेत आणि सकाळच्या सिंधी बातम्यांत निधनवार्ता आधी असतात; खाली मराठी पट्टी धावते.

"तुमचे आईवडील?" मी सहज विचारलं. माझी जीभ नको तिथे सैल सुटते.

"आई लहानपणीच गेली. बाबा मागच्या थंडीत गेले, तिकडंच. व्हिसा नाही भेटला मले."

"त्यांची बातमी वाचलीत?"

"काहून वाचू? बातमीत बैठकीचा पत्ता द्या लागते. इथं माझ्या बाबाले कोण ओळखते? सतरंजी टाकली आन् कोणी आलंच नाही तं?"

कॅमेरा आवरणाऱ्या शोभाताई मागे न वळताच म्हणाल्या, "आपण दोघी बसू नं वं, दीदी."

दीदींनी कप उचलून नेले. मला स्वतःचाच राग आला. दुसऱ्याच्या घरी येऊन असली विचारपूस कशाला करायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या घरी पोहे खाताना मोबाइलवर बातम्या लावल्या. दीदींनी चार नावं वाचली. पाचवं वडिलांचं. आवाज जराही हलला नाही. बैठक आजच, चार ते पाच, पत्ता स्टुडिओचा.

माझी गाडी साडेपाचची होती. चारला मी बॅगेसकट हजर झाले. सतरंजी अंथरलेली, भिंतीशी वडिलांचा फोटो, त्यावर हार. दीदी, शोभाताई आणि मी; बाकीच्या बायका बाहेर कामावर. सव्वाचार झाले. काठी टेकत एक आजोबा आले, हात जोडून बसले. मग कालचा रिक्षावाला आईला घेऊन आला. दीदी प्रत्येक वेळी दाराकडे बघत आणि लगेच नजर खाली घालत. साडेचार वाजले तरी अर्धी सतरंजी रिकामीच होती. गाडी चुकवायची हिंमत माझ्यात नव्हती. रिक्षावाल्यानंच मला स्टेशनवर सोडलं. तो आईसाठी तसाच मागे फिरला.

गाडीत मला माझे वडील आठवले. ते गेले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि त्या ढिगाला मी वैतागले होते. आपल्या माणसाला ओळखणारी माणसं आयती मिळालेली असली, की त्यांची किंमत राहत नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला पोचले, बॅग तशीच ठेवून मोबाइलवर त्या सकाळच्या बातम्या लावल्या. नेहमीसारखी नावं वाचून झाल्यावर दीदी क्षणभर थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, "काल बाबाच्या बैठकीले आले त्यायची माफी मागते. सतरंजी कमी पडली. लोकायले जिन्यात बसा लागलं."