फौजीच्या खुराकातली रसायनं

रणजीतराव पहिल्यांदा माझ्या केमिस्ट्रीच्या क्लासात शिरले तेव्हा अख्ख्या पिंपळे गुरवची वीज गेली, रस्त्यावरची कुत्री रांगेत बसली आणि बारावीच्या पोरांनी वह्या मिटून हात जोडले, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दारातून आधी गळ्यातली साखळी आली, मग मिशा, आणि बऱ्याच वेळानं माणूस. काखेत जिमवाल्या पावडरीचा डबा, घागरीएवढा.

"सर, यावर अमिनो लिहिलंय. हे काय असतं ते आत्ता शिकवा. गाडी खाली चालूच ठेवलीय."

मोशीचे हे जुने बागायतदार. जमिनीवर आता इमारती उभ्या, पण गोठ्यात शर्यतीचा बैल, फौजी. वडील गेल्यापासून गावच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत यांचा चार बैलांचा गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, कधी पहिला आला नव्हता. यंदा आणायचाच, एवढं एकच वेड.

मी फळ्यावर कार्बन काढला. त्याला चार हात. एकाला नायट्रोजनवाला अमिनो गट, दुसऱ्याला आम्लाचा गट, तिसऱ्याला हायड्रोजन. चौथ्या हातात काय धरलंय, त्यावरून ते अमिनो आम्ल कोणतं ते ठरतं.

रणजीतराव बाकावरून उसळले. "चार हात, चार बैल! सर, हा तर आपला गाडाच!"

वीस वर्षं शिकवतोय, कार्बनला टाळी पहिल्यांदाच पडली. मग मलाही चेव आला. एकाचा आम्ल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला जुंपला की पाण्याचा एक रेणू निसटतो, अशी साखळी वाढत वाढत प्रथिन होतं, हे मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं.

"म्हंजी पेंड ही अख्खी भिंत, आन् डब्यात नुसत्या विटा! भिंत पाडायचा ताप बैलाला कशाला?" म्हणत ते जिना उतरलेसुद्धा. बैलाच्या पोटाचा धडा राहूनच गेला.

मी फोन लावला. "रणजीतराव, बैलाला ते देऊ नका. त्याच्या पहिल्या पोटात जंतूंचा बाजार भरलेला असतो. ते अमिनो गट तोडून अमोनिया करतात. बैलाच्या वाट्याला तुमच्या विटा येणारच नाहीत फारशा."

"मग जंतूंनाबी खाऊ द्या की, सर! आमच्या दारातून कोण उपाशी जात न्हाई."

मागून त्यांच्या आई, शालनबाई, कडाडल्या, "मास्तर, त्याला सांगा, सरकी पेंड संपलीय! बैल रिकामी गव्हाण चाटतोय, आन् ह्यो डबं आणतोय!"

"आई, पेंड जुनी झाली गं!"

यात्रेला मी गेलो. न जाऊन कसं चालेल? भंडारा उधळला, गाड्याला वाट दाखवणारी घोडी पुढं धावली, भोंग्यावरून निवेदक किंचाळला, "आला रे आला, अमिनो शेठचा फौजी आला!" रणजीतराव फेटा हवेत फिरवत होते, शालनबाई खुर्चीवर चढल्या होत्या, आणि मी, रसायनशास्त्राचा पदवीधर, सगळं ठाऊक असून "हाण फौजी!" म्हणून घसा फोडत होतो.

पेंडेविना खंगलेला फौजी निम्म्या घाटात धावायचं सोडून चालायला लागला. गाडा बक्षिसात बसला नाही. त्याच उन्हाळ्यात रणजीतरावांनी बैल चाकणच्या बाजारात विकला.