पुनवेचा फोटो

शी! त्या गच्चीची आठवण झाली तरी अजून तोंडाला कडू पाणी सुटतं. सुरतेला उधन्यातल्या आमच्या चाळीची गच्ची ती. पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर, कठड्यावर पानाच्या पिचकाऱ्या, आणि वरून कापड रंगवणाऱ्या मिलचा धूर. असल्या घाणीत मी चंद्राचे फोटो काढत होतो. हौस म्हणून नाही, आईच्या पोटात घास जावा म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आईची डावी बाजू लकव्यानं गेली होती, पण संकष्टी काही सोडेना. दिवसभर उपास, रात्री चंद्राला अर्घ्य दिलं की मगच घास. आमची खोली तळमजल्यावर, दारासमोर लूमच्या कारखान्याची भिंत. चंद्र दिसणार कुठून? कॅलेंडरातली वेळ बघून जेव म्हटलं, तर म्हणायची, "डोयाघाई देखसू, तवयच खासू." डोळ्यांनी पाहीन तेव्हाच खाईन! दोन संकष्ट्या ती तशीच उपाशी निजली. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. दुसऱ्या वेळी तर सकाळी तिची मानच धरेना.

कोपऱ्यापर्यंत नेलं असतं तर चंद्र दिसला असता. पंचवीस पावलं. "माले उचलीसन ली चाल ना, भाऊ," असं ती म्हणायचीही. आणि मी म्हणायचो, पाठ दुखते, बारा तासांची पाळी करून आलोय. साफ खोटं. मला तिची किळस यायची. लुगडं सदा ओलं, मुताचा वास, तोंडातून लाळ. बायको सातव्या महिन्यात, तरी सगळं तीच करायची. मी दाराशी बिडी ओढत बसायचो. जिनं माझं हगलं-मुतलं काढलं, तिला हात लावायची वेळ आली की मी अंग चोरायचो. हे लिहितानाही स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

मग फोटोची अक्कल सुचली. गल्लीत लग्नाचे फोटो काढणारा एक धुळ्याकडचा होता, त्याचा कॅमेरा मागून आणला. पहिला रोल फ्लॅश मारून काढला. धुवून आला तर सगळा काळा ठिक्कर. तो पोट धरून हसला. "अरे भाऊ, चंद्र काय नवरदेव आहे? फ्लॅश पोचेल का तिथं?" नाचता येईना अंगण वाकडं, मी धुरावर खापर फोडलं. दुसऱ्या वेळी शटर उघडं धरून ठेवलं, तर हात हलून चंद्राची शेवई झाली. शेवटी त्यानं मोठी लेन्स दिली आणि समजावलं, चंद्रावर ऊनच असतं, तेव्हा शटर दिवसासारखं झटक्यात मारायचं. कॅमेरा टाकीवर टेकवला, कबुतरांची घाण कोपराला लागली, पण फोटो निघाला. गोल, लख्ख, डागांसकट. मोठा करून चौकटीत बसवला. वाटलं, सुटलो एकदाचे.

पुढच्या संकष्टीला चंद्रोदय झाल्यावर ती चौकट आईसमोर धरली. तिनं चांगल्या हातानं जवळ ओढली, निरखून पाहिली आणि परत दिली.

"हाऊ ते पुनवना चांद शे. चवथना इतला गोल ऱ्हास का रे?"

अरे देवा! फोटो झकास यावा म्हणून मी नेमका पौर्णिमेला गच्चीवर चढलो होतो. संकष्टीचा चंद्र एका बाजूनं झिजलेला असतो, हे लहानपणी तिच्याच कडेवर बसून पाहिलेलं. तेवढंही आठवलं नव्हतं. "चंद्र तो चंद्र, गिळ की आता!" मी ओरडलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

ओरडा ऐकून शेजारच्या खोलीतला ओडिया कारागीर दारात आला. पन्नाशीचा माणूस, माझ्याच कारखान्यात लूम चालवायचा. माझ्या बायकोनं त्याला मोडक्या हिंदीत काय झालं ते सांगितलं. तो आत आला. वाकला, आईला ओल्या लुगड्यासकट छातीशी घेतलं आणि चालू लागला. मागून बायको तांब्या घेऊन. कोपऱ्यावर गटाराच्या काठाशी उभं राहिलं की कारखान्याच्या पत्र्यावर चंद्र दिसत होता. तांबूस, एका बाजूनं चेपलेला. आईनं एका हातानं अर्घ्य दिलं. परत येऊन तिनं वरणभात खाल्ला, पुन्हा मागून घेतला, गोळी घेतली.

तो नळावर आपला सदरा धूत होता. मी साबण नेऊन दिला. तेवढंच माझ्याच्यानं झालं.