हत्तीकुंटा पुढं हाय

येळवसला आमच्याकडं गावं रिकामी होतात. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला घराला कुलूप, दुकानाला कुलूप आणि माणसं सगळी शेतात. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं हाणायचं की उठताना कुणाला तरी हात द्यावा लागतो. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालतात, ओळखपाळख लागत नाही. हाक आल्यावर न थांबता पुढं गेलात तर वर्षभर तुमचं नाव निघत राहतं. अशा दिवशी तळी बघत फिरायला निघणारा माणूस आमच्या जनवाडा गावाच्या अल्याडपल्याड एकच होता, आणि तो आमच्या वाट्याला बाप म्हणून आला होता.

अप्पा बिदरला कचेरीत कारकून होते. वर्षभर खुर्चीवर बसलेला माणूस येळवसला गावाकडं आला की त्याच्या पायाला भिंगरी लागायची. घरच्या शेतात जेवण उरकायचं, धोतराच्या सोग्यात एक उंडा बांधून घ्यायचा आणि आम्हा दोघा भावंडांना घेऊन निघायचं. आई म्हणायची, "लेकरांचे पाय मोडतेत, कामून ओढत नेताव?" अप्पांना ते ऐकूच जायचं नाही.

आधी गावतळं लागायचं. मग म्हशी डुंबतात तो कुंटा. कुंटा म्हणजे डबक्याहून मोठा आणि तळ्याहून धाकटा. मग पोयणीची पांढरी फुलं असलेला आणखी एक. प्रत्येक पाण्याशी अप्पांचं ठरलेलं काम असायचं. चपला काढायच्या, ओली बोटं डोळ्यांना लावायची, सोग्यातल्या उंड्याचा तुकडा मोडून पाण्यात टाकायचा. मासे वर यायचे. "आधी पाण्याला, मग आपल्याला," असं म्हणून उरलेल्यातला घास ते आमच्या हातावर ठेवायचे. पोट टम्म असूनही तो घास गोड लागायचा, हे मात्र मला कबूल आहे.

या सगळ्यांच्या पलीकडं तांबडा माळ होता. पायाखाली भोकाभोकांचा लाल दगड, मधून मधून तरवडाची पिवळी झुडपं, कुसळांनी भरलेले परकराचे काठ. कधीमधी हरणांचा कळप टुणटुणत जायचा. या माळाच्या टोकाला म्हणे हत्तीकुंटा होता. त्याच्या काठावर एक दगड आहे, हत्ती पाणी प्यायला वाकलाय आणि सोंड पाण्यात आहे असा. उन्हाळ्यातही तिथलं पाणी आटत नाही. अप्पांना तो त्यांच्या वडिलांनी लहानपणी दाखवला होता. आम्हाला तो कधीच दिसला नाही, कारण माळ लागायच्या आधी चार-पाच शेतं होती आणि येळवस होती. एका कोपीतून सुटलो की दुसरीतून हाक यायची. खीर खा, पोळी खा, आंबील तर प्याच. माळावर पाय ठेवेपर्यंत ऊन कलायचं आणि धाकटा भाऊ भोकाड पसरायचा, "हत्ती कुठाय?"

"पुढं हाय," अप्पा म्हणायचे. "पुढच्या येळवसला जाऊ."

भाऊ मोठा झाला तसा तो चिडवायला लागला. हत्तीकुंटा नाहीच, अप्पांनी आम्हाला चालवायला मारलेली ती थाप आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. अप्पा हसायचे. मीही हसायचे. थाप असली तरी ती आमची होती.

मग आई गेली, भाऊ हैदराबादला स्थिरावला, मी बिदरला शाळेत शिकवत राहिले आणि अप्पा माझ्याकडं राहायला आले. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातलं विरायला लागलं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची तोंडं, मग वार. एक गोष्ट मात्र पक्की राहिली, हत्तीकुंटा. चहा पिताना हत्तीकुंटा, डॉक्टरपुढं हत्तीकुंटा. या पावसाळ्यात तर ते एकटेच निघाले. जनवाड्याच्या बसमध्ये बसलेले सापडले. विचारलं तर म्हणाले, "कुंट्याकडं जायलो की."

भावानं फोनवर हाय खाल्ली. "अक्का, मी त्यांना इकडं आणतो. इथं वरच्या मजल्यावर दार लावून तरी ठेवता येईल. जे नाहीच ते शोधत माणूस उद्या कुठं पोचंल?"

"नाही कशावरून?" मी म्हणाले.

"मोबाइलच्या नकाशात वरून बघितलं मी. सगळा माळ नुसता तांबडा हाय. थेंब न्हाई पाण्याचा."

येळवस झाली की रविवारी तो न्यायला येणार होता. त्याचं चुकत होतं असं नाही, पण अप्पांना आठव्या मजल्यावर दाराआड बसवायचं हे माझ्या मनाला पटत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, कुंटा खरा निघावा. खरा निघाला तर माणूस भ्रमिष्ट नाही, त्याला फक्त वाट आठवत नाही, असं मला भावाला सांगता आलं असतं.

म्हणून यंदा येळवसलाच मी अप्पांना घेऊन निघाले. लहानपणीची चूक करायची नाही, असं ठरवून मी शहाणपणा केला. शेतं टाळून मागच्या खाणीच्या रस्त्यानं गाडी थेट माळावर घातली. इकडं ना कोपी, ना हाका. माझ्या हुशारीवर मी खूश होते. अप्पा खिडकीतून तरवड बघत होते. "तुझी आई शेतात पोचली आसंल का?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणाले.

गाडी पुढं जाईना तिथं आम्ही उतरलो आणि चालायला लागलो. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. माळ तसाच होता, तेच दगड, तीच कुसळं, आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की गुडघे दुखायचे विसरले. पण पाणी कुठंच दिसत नव्हतं. तासभर हिंडलो. अप्पा दमले. भावाचं खरं ठरतंय, असं वाटून मी मनातल्या मनात रडवेली झाले.

तेवढ्यात हाक आली. "ओ अण्णा! येळवसला तसंच जायलाव व्हय?"

माळ फोडून कुणीतरी एक चतकोर तुकडा नव्यानं वाहितीला आणला होता. त्यात कोप, कोपीपुढं एक म्हातारी आणि तिचा मालक, म्हणजे नवरा. आता झालं, म्हटलं. माळावरसुद्धा सुटका नाही. "उशीर होतोय हो," मी म्हणाले.

"उशीर कशाचा? आजच्या दिवशी उपाशी पाठवतेत व्हय कुणी?" म्हातारी म्हणाली.

आणि अप्पांचं काय झालं सांगू? ते ताठ झाले. चपला काढल्या, कोपीतल्या पांडवांना हात जोडले, मांडी घालून बसले. मालकाला "पीक कसं हाय यंदा?" विचारलं. भज्जीचा घास घेऊन म्हातारीला म्हणाले, "ओला लसूण टाकलाव न्हवं?" म्हातारी हरखली. "व्हय अण्णा! बराबर वळखलाव!" सकाळी ज्या माणसाला स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं, तो असा जेवत बसला होता. मी आंबील प्यायले आणि उगीच इकडं तिकडं बघत राहिले.

हात धुताना सहज विचारलं, "इथं कुठं हत्तीकुंटा म्हणून हाय का हो?"

"त्यो काय!" म्हातारीनं खरकट्या हातानंच मागच्या बोरी दाखवल्या. "ही आंबील त्याच्याच पाण्याची की."

जन्मभर ज्या जेवणांपायी कुंटा बघायचा राहिला, त्याच जेवणानं तो दाखवला. बोरींच्या जाळीमागं माळ एकदम खाली उतरत होता. लाल दगडाच्या खोल बशीत काळंभोर पाणी, वरून झाडांच्या सावलीनं झाकलेलं. मोबाइलला दिसणार तरी कसं? आणि काठावर तो होता. पाठ, गंडस्थळ, पाण्यात बुडालेली सोंड. मी अक्षरशः ओरडले, "अप्पा, हत्ती!"

अप्पा हळूहळू उतरले. चपला काढल्या. ओली बोटं डोळ्यांना लावली. मग खिशात हात घालून उंडा काढला. कोपीतून तो त्यांनी कधी उचलला मला कळलंच नव्हतं. तुकडा मोडून पाण्यात टाकला. मासे वर आले. उरलेल्यातला घास त्यांनी माझ्या हातावर ठेवला, मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि मी तो खाल्ला.

"ओळखलात ना अप्पा? हत्तीकुंटा."

त्यांनी हत्तीकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. "चांगला हाय," ते मला समजावत म्हणाले. "पर ह्यो न्हाई, माय. आपला पुढं हाय."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी उभी राहिले. माझ्याकडं पुरावा होता, पण ज्या अप्पांसाठी गोळा केला त्यांच्याच तो कामाचा नव्हता. तरी एवढं खरं की ते तिथं सुखात होते. पाण्यात पाय सोडून ते बसले आणि उठायला तयार होईनात.

मी फोटो काढून भावाला पाठवला. लगेच फोन वाजला.

"सोंड हाय की गं," तो म्हणाला. "अप्पा काय म्हणाले?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण खरं तेच सांगितलं. "म्हणाले, हा नाही. आपला पुढं हाय."

तिकडून हसू आलं, मधेच तुटलं आणि नाक ओढल्याचं ऐकू आलं. लहानपणी भोकाड पसरायच्या आधी तो असाच नाक ओढायचा.

"त्यांना इकडं आणायचं राहू दे," तो म्हणाला. "रविवारी येतो, पण चार दिवस राहायला. म्हणावं, चपला घालून तयार बसा. पुढचा बघायला जाऊ."