वाघरीपासून डावीकडे

आमच्या गिर्यारोहण क्लबच्या वेबसाइटवर गडांच्या वाटा मी लिहितो. एका गडाच्या पायथ्याचा मेंढपाळ मला मास्तर म्हणतो. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळं मीही चालू देतो. बोलताना तो कायम मेंढ्यांकडं बघतो.

एकदा त्याच गडाच्या वाटेबद्दल मी फोटोसकट लिहिलं, ‘मेंढ्यांच्या वाघरीपासून डावीकडे वळा.’ वाघर म्हणजे जाळीचं कुंपण; चारा संपला की तीही हलते, हे विसरलो. नव्या जागेच्या डावीकडं थेट कडा होता.

वाघर हलल्याचं कळताच मजकूर काढला आणि धावत गेलो. हा मेंढपाळ कड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून सकाळपासून उभा, येईल त्याला मागं वळवत.

“मामा, मेंढ्या?”

“कारभारीण हाय की. आवं, लोकं तुमचं वाचून येत्यात. तुमाला खोटं पडू द्यायचं व्हय?”