तिचं वजन बरोबर होतं

फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईशी पाणी तापवायच्या जुन्या पितळी गुंडावरून हुज्जत घालत होतो. गुंडाच्या बुडाला राखेचा जाड थर होता. तो खरवडल्याशिवाय मोडीत तोलणार नाही असं मी म्हणत होतो, आणि ती खरवडू देत नव्हती. फोनवर जवाहरनगरची एक मुलगी होती, माझ्या भाचीबरोबर बॉक्सिंग शिकणारी. रडत म्हणाली, "मामाजी, प्रणाली मैदानावर पडली. उठूनच नाही राहिली." मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा नर्स कात्रीने तिची जर्सी कापत होती आणि जर्सीच्या आत प्लास्टिकचा रेनकोट होता. मे महिना, भंडाऱ्याचं दुपारचं ऊन, आणि पोरीच्या अंगावर रेनकोट... तो सोलून काढला तेव्हा आतून जो कोंदट, आंबट वास आला तो दोन महिने झाले तरी माझ्या नाकातून जात नाही. मला किळस आली ती तिच्या घामाची नव्हे. तो घाम ज्यांनी तिच्याकडून काढून घेतला त्यांची.

प्रणाली माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. गाव दिघोरी, घरची धानाची शेती. बारावीनंतर कॉलेजसाठी ती आमच्याकडे भंडाऱ्याला राहायला आली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी रीतीप्रमाणे वाकलो, तर ही मागे सरकून म्हणते, "मामा, पहिले हे तं सांगा, आजपासून मले सकाळी उठवणार कोन?" मी लहानपणी डोक्यावर भांडी घेऊन गावोगाव फिरलेला माणूस. माझ्याशी घासाघीस करायला भलेभले कचरतात. ही मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याकडून हवं ते काढून घ्यायची. पोलीस भरतीत जायचं हे तिचं ठरलेलं होतं. खेळाचं प्रमाणपत्र असलं तर भरतीत उपयोग होतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती बॉक्सिंगच्या क्लासला जाऊ लागली. तोवर तिने कुणाला चापटही मारलेली नव्हती.

तिचं पहिलं स्पॅरिंग, म्हणजे समोर खरा माणूस ठेवून केलेला सराव, मी पाहिलं आहे. समोर ती जवाहरनगरची मुलगी होती. आमची प्रणाली ठोसा मारायची आणि लगेच "सॉरी, सॉरी" म्हणायची. समोरून ठोसा आला की डोळे मिटून तोंड फिरवायची. मी दोरीबाहेरून ओरडलो, "अवो बाई, तिले पाहून तं मार!" सगळी पोरं हसली. मग एक ठोसा सरळ नाकावर बसला आणि रक्त आलं. मी पुढे धावलो, तर ही नाक दाबून हसत होती. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "मामा, मले वाटलं व्हतं मी रडीन. पन मजा आली. मार खाऊनही मानूस उभाच राहते, हे मले आजच समजलं." त्या दिवशी मला तो खेळ आवडला, हे मी नाकारत नाही. नंतर डोळे मिटणं गेलं, सॉरी गेलं. गालावर निळा डाग घेऊन ती ऐटीत कॉलेजला जायची. मामी हळद लावायला जवळ गेली की म्हणायची, "राहू द्या, दिसू द्या थोडं."

घाण सुरू झाली ती जिल्ह्याच्या निवड स्पर्धेआधी. क्लास चालवणाऱ्या सरांनी ठरवलं की प्रणालीने तिच्या वजनगटात न खेळता खालच्या गटात उतरायचं. का, तर खालच्या गटात मुली कमी, मेडल पक्कं, आणि मेडल आलं की क्लासच्या बोर्डावर फोटो. पोरीला वर्षही झालं नव्हतं शिकायला लागून. ती हसतखेळत दोन वेळा पोटभर भात खाणारी धानाच्या गावातली मुलगी. तिने भात सोडला, मीठ सोडलं, शेवटी पाणीही सोडलं. तोंडात च्युइंगगम ठेवून दिवसभर डब्यात थुंकत बसायची. थुंकीचंही वजन असतं म्हणे! आमच्या जेवणाच्या ताटांपासून हातभर अंतरावर तो डबा असायचा. मामी तोंड फिरवून रडायची. ओठ सोलून निघाले होते, आवाज घोगरा झाला होता. मी म्हणालो, "काहून जीव काढून राहिली वो?" तर म्हणे, "सर म्हनतात, एवढंच राहिलं."

मी तिला धरून दुकानातल्या काट्यावर उभं केलं. माझ्या काट्याला दरसाल सरकारी मुद्रा लागते. पितळ, तांबं तोलून माझं घर चालतं, काटा चुकला तर गिऱ्हाईक गळा धरतं. त्या काट्यावर तिचं वजन खालच्या गटात बसत होतं. आरामात बसत होतं. मी तिला तसाच क्लासवर घेऊन गेलो. तिथे फरशीवर एक जुना गोल काटा होता, घरात बाथरूमबाहेर ठेवतात तसला. त्यावर ती जास्त भरली. मी म्हणालो, तुमचा काटा खोटा आहे. सर सगळ्या पोरांसमोर हसले. "मामाजी, तुमचा काटा भांड्यायचा. हे खेळाडूचं वजन आहे, इथं आमचाच काटा चालते." माझं डोकं फिरलं. बाजारात भांडतो तसा मी भांडलो. प्रणालीची मान खाली गेली. बाहेर येऊन ती मला एवढंच म्हणाली, "मामा, तुमी इथं येत नका जाऊ. मले लाज वाटते."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, घाम गाळून वजन उतरवायला रेनकोट घालून पळताना ती पडली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलं होतं, वरून ऊन.

तेरवी झाल्यावर मी दुकानातली मुद्रेची वजनं पिशवीत घालून क्लासवर गेलो आणि ती एकेक करून त्या गोल काट्यावर ठेवली. दीड किलो जास्त. जे दीड किलो तिच्या अंगावर नव्हतंच, ते काढता काढता पोर गेली. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "स्प्रिंग ढिली झाली असन... आता काय करता, मामाजी." आणि त्यांनी तो काटा पायाने भिंतीकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी तो परत जागेवर होता. शोकसभेत हाच माणूस माइकवर म्हणाला की प्रणालीने खेळासाठी बलिदान दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! चौकात तिचा फ्लेक्स लागला, 'जिद्दीला सलाम'. तिच्या फोटोएवढाच मोठा सरांचा फोटो.

गेल्या आठवड्यात सर आणि क्लासची मंडळी माझ्या दुकानात आली. प्रणालीच्या नावाने स्पर्धा भरवायची आहे, मामांनी पितळेचा मोठा चषक द्यावा. मी चहा मागवला. म्हटलं, चषक देतो, नाव कोरून देतो, त्याचं काही घेत नाही. माझ्या दोन अटी. वजन मुद्रेच्या काट्यावर होईल. आणि काट्यावर चढण्याआधी प्रत्येक मुलगी सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी पिईल. पाणी पिऊन ज्या गटात बसेल त्या गटात खेळेल.

"असं कुठं असते का जी, मामाजी? मंग सगळ्याच पोरी वरच्या गटात जातीन," सर म्हणाले.

"जाऊ द्या नं. जित्या तं राहतीन."

"एखादी अट कमी करा..."

आयुष्यभर मी प्रत्येक सौद्यात थोडं सोडत आलो. गिऱ्हाईक उठायला लागलं की थोडं सोडायचं, हा धंदा आहे. ते उठले, पायरी उतरले, एकदा मागे वळून बघितलंही. मी सोडलं नाही. चषक आता ते कुठून आणतात बघतो. तिच्या नावाखाली पोरींना वाळवायला मी पितळेचा पत्राही देणार नाही. आणि दिला कुणी, तर स्पर्धेच्या दिवशी माझा काटा घेऊन दारात बसेन.

दुकानामागच्या गोदामात तिने आढ्याला एक पोतं टांगलं होतं. क्लासला सुट्टी असली की त्यावर ठोसे मारायची. आत दिघोरीच्या गिरणीतलं धानाचं तूस भरलेलं. छातीच्या उंचीवर, उजव्या हाताचा ठोसा जिथे बसायचा तिथे, पोत्याची वीण विरली आहे. आता त्याला कुणी हात लावत नाही, तरी तिथून तूस गळत राहतं. सकाळी दार उघडलं की फरशीवर लहानसा ढीग असतो. मामी म्हणाली, काढून टाका ते, दिवसेंदिवस लोंबून राहिलं. मी काढलं नाही. ढीग गोळा करतो, पोत्याचं तोंड सोडतो आणि वरून परत भरतो. हलकं होऊ देत नाही.